दोन्ही संघांचा धर्मबाप

तालुसान बारांगायच्या, म्हणजे तालुसान गावच्या, वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेचे मुळात तेरा नियम होते आणि ते सर्वांना पुरत होते. चप्पल घालून खेळण्यास हरकत नव्हती. मात्र उडालेली चप्पल बास्केटमधून गेल्यास गुण मिळत नसत. मैदानावर कुणाचा भात वाळत असेल तर खेळ उरलेल्या अर्ध्या भागात होई. मैदानाच्या कडेच्या छपराखाली कुणाचं प्रेत अंत्यदर्शनासाठी ठेवलेलं असेल तर सामना पुढे ढकलला जाई, आणि मयताच्या घरच्यांनी फारच आग्रह केला तर हळू आवाजात खेळवला जाई. तेरावा नियम असा होता की पंचाचा निर्णय अंतिम राहील. यावर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं, कारण पंच वर्षानुवर्षं एकच होता.

गौदेन्सियो पाल्मारेस, म्हणजेच सगळ्यांचा मानोंग, दादा, देन्स्यो. त्याचं चर्चसमोर केस कापायचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाईक सांगेल तसे केस कापायचे, घरी बायको लुदिंग सांगेल तसं वागायचं, असा त्याचा सरळ संसार होता. फिएस्टाच्या, गावजत्रेच्या आठवड्यात मात्र गळ्यात शिट्टी अडकवली की त्याचा कणा ताठ होई. त्याने शिट्टी मारली की दहा धडधाकट गडी जागच्या जागी थांबत. आयुष्यात आपलं कुणीतरी ऐकतं, एवढ्याशा सुखावर तो वर्षभर कात्री चालवायचा.

माशी शिंकली ती गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात. एका बाजूला सोतेरोच्या शवपेटीच्या दुकानाचा संघ होता, ज्यांच्या बनियनच्या पाठीवर ‘एकदा याल तर परत जाणार नाही’ असं छापलेलं असे. दुसऱ्या बाजूला चारिंगबाईच्या लेचोनच्या, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या दुकानाचा संघ, आणि बक्षीस एक जिवंत डुक्कर. शेवटच्या क्षणी देन्स्योने शवपेटीवाल्यांविरुद्ध फाउल दिला. लेचोनवाले एका गुणाने जिंकले, डुक्कर घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते अख्खं भाजून किलोवर विकलं.

“हा कसला पंच?” सोतेरो भर मैदानात ओरडला. “हा त्यांचा निनोंग आहे, निनोंग!”

आता, बाप्तिस्म्याला बाळाच्या पाठीशी उभा राहतो तो निनोंग, म्हणजे धर्मबाप. लग्नालाही निनोंग लागतात, आणि दहा-वीस असले तरी जास्त होत नाहीत. मुलाचा बाप आणि निनोंग एकमेकांचे कुंपारे होतात आणि मग जन्मभर एकमेकांना ‘पारे’ म्हणत एकमेकांची कामं करतात. निनोंग हो म्हणून कुणी विचारलं तर नाही म्हणता येत नाही, बाळाला अपशकुन होतो. देन्स्योने आयुष्यात कुणालाच नाही म्हटलेलं नव्हतं. लेचोनवाल्यांपैकी सात जणांचा तो निनोंग होता, ही गोष्ट खरी होती. तो फाउल होता, ही गोष्टही खरी होती. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की लोक त्यातली चविष्ट तेवढी उचलतात.

त्यानंतर वर्षभर जो तो दाढीला बसला की साबण लागलेल्या तोंडाने म्हणे, “पारे, माझा तुझ्यावर विश्वास आहे रे. लोक बोलतात.” देन्स्यो वस्तरा चालवत राही. आतून मात्र तो जळत होता. आणखी एक अंतिम सामना आपल्याला मिळावा आणि त्यात आपण सरळ आहोत हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहावं, याखेरीज त्याला काही नको होतं.

या वर्षी फिएस्टाच्या आधी बारांगायच्या कॅप्टन, म्हणजे सरपंच, रेमेडिओस यांनी बैठक बोलावली. बैठक मैदानावरच, बास्केटच्या बोर्डाखाली भरली. बोर्डावर कॅप्टनबाईंचा हसरा फोटो होता. चेंडू दरवेळी दातांवर बसत असल्यामुळे तो आता काहीसा बोळका हसत असे. नियम तयार करायला फिलेमोन होता. वकिलीच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला होता, त्यामुळे गाव त्याला आदराने अटर्नी म्हणत असे; एकदाच नापास झाला असता तर कुणी विचारलं नसतं.

“नियम चौदा,” अटर्नीने घसा साफ केला. “पंच हा कोणत्याही खेळाडूचा रक्ताचा, लग्नाचा अथवा बाप्तिस्म्याचा नातलग नसावा.”

“मग मी?” देन्स्योने विचारलं.

“मानोंग, तुमच्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे,” अटर्नी म्हणाला. देन्स्यो काय ते समजला. त्याने गळ्यातली शिट्टी काढून कॅप्टनबाईंच्या हातात दिली आणि घरी गेला.

“बरं झालं,” लुदिंग म्हणाली. “फुंकायचंच असेल तर चूल फुंक.”

नियम झाला, पण नियमात बसणारा पंच सापडेना. तालुसानमध्ये प्रत्येक जण कुणाचा तरी कोणीतरी होताच. शेवटी कॅप्टनबाई फादरांकडे गेल्या. फादर आनंदाने तयार झाले. पण अटर्नीने हरकत घेतली की दोन्ही संघांचे खेळाडू त्यांना उघडउघड ‘फादर’ म्हणतात, तेव्हा नातं त्यांच्याच तोंडून सिद्ध होतं. फादरांनी आकाशाकडे पाहिलं. तिकडूनही काही खुलासा आला नाही.

मग पलीकडच्या बेटावरून पंखे विकायला आलेला एक परका माणूस पकडण्यात आला. त्याला गावात कुणीही ओळखत नव्हतं, हीच त्याची पात्रता. त्याची नेमणूक सकाळी झाली. दुपारी शवपेटीवाल्यांनी त्याला जेवायला बोलावलं आणि भाताबरोबर एक तान्हं बाळही मांडीवर ठेवलं. “निनोंग व्हाल ना?” बिचारा नाही कसा म्हणणार? संध्याकाळी लेचोनवाल्यांनी जुळी आणली. दुसऱ्या दिवशी तो मिळेल त्या बोटीने पळाला, पंखे इथेच टाकून. ते पंखे अजून बारांगायच्या कचेरीत फिरताहेत.

घोडं अडलं. पुन्हा बैठक बसली, देन्स्योलाही बोलावणं गेलं. तेव्हा अटर्नीने डोकं चालवलं आणि जिच्यामुळे तो पुढे अजरामर झाला ती दुरुस्ती मांडली.

“नियम चौदा ब. पंच दोन्ही संघांचा सारख्याच प्रमाणात निनोंग असल्यास तो निःपक्षपाती समजला जाईल. दोन बाजूंचा पक्षपात एकमेकांना कापून जातो. हे गणित आहे.”

“म्हणजे अगदी पक्षपात नसलेला माणूस नकोच?” देन्स्योने विचारलं.

“असा माणूस सापडलाच तर मानोंग, त्याच्यावर विश्वास कोण ठेवील?” अटर्नी म्हणाला.

हिशेब झाला. देन्स्यो लेचोनवाल्या सातांचा निनोंग, शवपेटीवाल्या दोघांचा. पाचांची तूट. ती भरून निघाली तर शिट्टी परत. देन्स्योला हा प्रकार काही पटत नव्हता. पण शिट्टी कॅप्टनबाईंच्या टेबलावर पेपरवेटसारखी पडलेली त्याने पाहिली होती, आणि त्याचा जीव तुटत होता.

“भरा तूट,” तो म्हणाला.

सोतेरो कामाला लागला. त्याच्या संघात एकाला नुकतंच बाळ झालेलं होतं, त्याचा बाप्तिस्मा रविवारी उरकला. दुसऱ्याने नवी तीनचाकी घेतली होती. गाडीला आशीर्वाद देतानाही निनोंग उभा करतात, अटर्नीने ते नातं ग्राह्य धरलं. तिसऱ्याच्या बायकोला दिवस गेले होते. ते ‘येणे बाकी’ म्हणून मांडण्यात आलं. चौथा काही केल्या सापडेना, तेव्हा खुद्द सोतेरोने शवपेट्यांचं नवं दालन उघडलं आणि देन्स्योला एका रिकाम्या पेटीचा धर्मबाप केलं.

उरला रोडेल. हा शवपेटीवाल्यांचा सर्वांत उंच गडी. त्याने गेली कित्येक वर्षं एका मुलीला ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणून झुलवत ठेवलं होतं. संघाने त्याला चारी बाजूंनी घेरलं.

“अरे, पण मला अजून नीट विचार करायचाय,” रोडेल कळवळला.

“आत्ता विचार कसला? सामना शनिवारी आहे!” सोतेरो म्हणाला. लग्न गुरुवारी लागलं. सासू इतकी खूश झाली की तिने बास्केटबॉलसाठी मेणबत्ती लावली.

पण लेचोनवाले काय हातावर हात ठेवून बसणार? समतोल होतोय म्हणजे आपलं वजन कमी होतंय, हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनीही राहिलेल्या पाच जणांसाठी निनोंगविधी काढले. मग शवपेटीवाल्यांनी पुन्हा काढले. शुक्रवारपर्यंत देन्स्यो दोन्ही संघांच्या प्रत्येक खेळाडूचा, राखीव खेळाडूंचा, गुणफलक लिहिणाऱ्याचा आणि बक्षिसाच्या डुकराच्या पिंजऱ्याचाही निनोंग झालेला होता. अटर्नीने जाहीर केलं की मानोंग देन्स्यो हे आता संपूर्ण निःपक्षपाती असून, असा पंच आसपासच्या कुठल्याही बारांगायमध्ये नाही. देन्स्योला शिट्टी परत मिळाली. त्याने ती शर्टाला पुसली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी सगळं गाव लोटलं. प्रार्थना झाली, कॅप्टनबाईंचं भाषण झालं, चेंडू वर उडाला आणि पहिल्याच मिनिटाला देन्स्योने शिट्टी मारली. ज्याच्यावर फाउल तो खेळाडू धावत आला, त्याने देन्स्योचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला आणि आशीर्वाद घेतला. धर्मबापाशी वाद घालायचा तर आधी पाया पडल्यासारखं हे करावंच लागतं, नाहीतर आईच मारते. आशीर्वाद घेऊन झाल्यावर तो म्हणाला, “निनोंग, हा फाउल? आपल्याच लेकरावर?”

“लेकरू असशील तर ऐक. जागेवर जा.”

मग दुसऱ्या संघाचा आला. त्यानेही हात कपाळाला लावला. “निनोंग, त्याचं एवढं ऐकून घेतलंत, मग माझंही ऐका की.”

असं दर शिट्टीला चाललं. आशीर्वाद देऊन देऊन देन्स्योचा उजवा हात दुखायला लागला, म्हणून हाफ टाइमनंतर त्याने डावा पुढे केला. त्यावर डाव्या हाताचा आशीर्वाद कमी प्रतीचा असल्याची तक्रार नोंदवण्यात आली. पण गडी डगमगला नाही. रेषा ओलांडली तर ओलांडली म्हणाला, धक्का तर धक्का म्हणाला. त्या दिवशी त्याने आयुष्यातली सर्वांत सरळ शिट्टी वाजवली.

शेवटचे काही क्षण राहिले. गुण समान. लेचोनवाल्यांच्या एका पोराने उडी घेतली आणि नवरदेव रोडेलने त्याचा हात धरून खाली ओढला. हे मैदानावरच्या सर्वांनी पाहिलं. बोर्डावरच्या कॅप्टनबाईंनीही पाहिलं असणार, फोटो त्याच बाजूला होता.

शिट्टी वाजली. फाउल. दोन फ्री थ्रो.

पहिला चुकला. दुसरा कॅप्टनबाईंच्या उरल्यासुरल्या दातांवर आपटला, कडीवर घोटाळला आणि आत पडला. सामना संपला. आणि मग मैदानावर जे झालं त्याला तालुसानमध्ये अजून नुसतं ‘ते’ म्हणतात.

“दोन दिवसांपूर्वी त्याच्या लग्नाला उभा होतास तू!” सोतेरो ओरडला. “लाज नाही वाटली, पारे? स्वतःच्या धर्मपुत्रावर शिट्टी?”

“पंच सरळ पाहिजे असं तूच म्हणाला होतास ना?” देन्स्यो म्हणाला.

“सरळ पाहिजे म्हणालो! आमच्याशी पण सरळ, असं कधी म्हणालो?”

लेचोनवालेही खूश नव्हते. “पहिला थ्रो चुकला तेव्हा निनोंगने पुन्हा टाकायला सांगायला हवं होतं,” चारिंगबाई म्हणाल्या. “एवढे सगळे निनोंगविधी केले, खर्च काय कमी झाला आमचा?” आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ठीकच आहे, पण इथे दोन्हीकडचे बाब्ये होते आणि कार्टं एकटा देन्स्यो.

अटर्नीने तिथल्या तिथे निर्णय दिला. पंच जर समतोल आहे तर निकाल एका बाजूला झुकणं शक्यच नाही. निकाल झुकला, याचा अर्थ पंच झुकला. सबब सामना बरोबरीत सोडवण्यात येत असून डुक्कर दोन्ही संघांनी खावं. पुढील वर्षासाठी नियम पंधरा: पंचाने शक्यतो शिट्टी वाजवू नये. नाइलाज झाल्यास दोन्ही बाजूंसाठी एकेकदा वाजवावी.

डुकराची पंगत बसली. देन्स्योला कुणी बोलावलं नाही. तो मैदानाच्या कडेला शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभा होता, तेव्हा रोडेल इकडेतिकडे पाहत जवळ आला आणि हळूच त्याचा हात कपाळाला लावला.

“निनोंग, तो फाउल होता,” तो पुटपुटला. “चांगला ओढला मी त्याला. पण हे मी म्हणालो असं कुणाला सांगू नका हं.”

देन्स्योला रडावं की हसावं कळेना. वर्षभर ज्या शब्दासाठी तो तळमळला तो शब्द त्याला मिळाला होता, आणि तोही बोलून न दाखवण्याच्या अटीवर.

सोमवारी सकाळी तो दुकानाची फळी उघडायला गेला, तर बाहेर ही रांग. केस कुणाचेच वाढलेले नव्हते. सर्वांत पुढे सोतेरो.

“पारे, झालं गेलं विसरून जा,” तो लाडात म्हणाला. “पोराने पोलिसात अर्ज केलाय. तिथला तो साहेब तुझ्या पुतणीच्या लग्नात निनोंग होता ना? एक शब्द टाक की. आपण कुंपारे आता.”

मागे चारिंगबाई, त्यांना बाजारात कोपऱ्यावरचा गाळा हवा होता. त्यांच्या मागे अटर्नी. त्याला परीक्षेच्या बाबतीत ‘नुसतं विचारायचं’ होतं. कॅप्टनबाईंनी स्वतः न येता नवऱ्याला पाठवलं होतं, तेवढी त्यांना पदाची जाण होती.

देन्स्योने खिशातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली की चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली. रांग जागच्या जागी थांबली.

“फाउल,” तो म्हणाला.

रांगेतल्या प्रत्येकाने वळून आपल्या मागच्याकडे पाहिलं.

त्याच दिवशी देन्स्योने दारावर पाटी लावली: ‘येथे फक्त केस कापले जातात. कुणासाठीही शब्द टाकला जात नाही.’ पाटी ठळक आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचतो. वाचून मान डोलावतो, गावात असा एक तरी माणूस पाहिजे म्हणतो. मग आत येऊन, खुर्चीत बसून, आवाज खाली आणून विचारतो, “पण ओळखीच्यांसाठी?”

तुम्हीही तेच विचारलं असतंत. नाही म्हणू नका. तुमचा निनोंग कोण आहे, हे तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांना केव्हाच माहीत आहे.