दीडपट वेगानं गाजलेला शेवटचा अल्बम

वेळेवर तोंड बंद ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही! आमच्या रॉक बँडचं वाटोळं झालं ते त्यामुळेच.

गाणारा दंतवैद्य, ड्रम बडवणारा निवृत्त मास्तर, गिटारवर एक चष्म्याचा दुकानदार आणि बेस गिटारवर मी, पाणीपुरवठा खात्यातला कारकून. बावीस वर्षांत पाच अल्बम काढले आणि शहरातल्या एकुलत्या एक समीक्षकांनी पाचही वेळा धू धू धुतलं. ‘यांची गाणी ऐकताना दाढी वाढते,’ असंसुद्धा लिहिलं! सहावा अल्बम शेवटचा, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं. त्या माणसाच्या लेखणीतून एक तरी चांगला शब्द निघावा, एवढीच माझी इच्छा होती.

आणि चमत्कार झाला! ‘अखेर या बँडला वेग सापडला! काय ती चपळाई! आणि गायकाचा तो कोवळा आवाज!’

मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी धडकलो.

“या, या! तुमचंच ऐकतोय!”

त्यांच्या मोबाइलमधून एक खार किंचाळत होती. नीट ऐकलं तर तो आमचा दंतवैद्य! पडद्यावर लिहिलं होतं : वेग दीडपट.

“नातीनं फोनवर ऐकायची सोय करून दिली, तेव्हापासून सगळं कसं तरतरीत ऐकू येतं,” ते म्हणाले. “शनिवारी तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला येतोय. हाच वेग ठेवा हं!”

खरं सांगायला तोंड उघडलं, त्यात एक पेढा कोंबला आणि घरी आलो.

तालमीत मास्तर भडकले. “दीडपट? माझ्या गुडघ्यांना विचारलंस?”

“आणि कोवळा आवाज कुठून आणू?” दंतवैद्य ओरडला.

“पट्टा आवळ!” मी सुचवलं.

शनिवारी दोन तासांचा कार्यक्रम आम्ही ऐंशी मिनिटांत उरकला! मास्तरांची एक काठी तिसऱ्या रांगेत गेली, दंतवैद्य निळा पडला, आणि टाळ्या वाजवणारे पुढच्या गाण्यात सापडले. सभागृह अजून चाळीस मिनिटं आमचंच होतं. म्हणून मला आभार मानायला पुढे ढकललं. मीही ऊर भरून आल्यामुळे बावीस वर्षांचा इतिहास सावकाश, कार्यालयीन चालीत सांगितला. निम्मी माणसं उठून गेली. पहिल्या रांगेत समीक्षक मात्र हातात मोबाइल धरून हसत बसले होते.

दारात त्यांनी माझा हात हातात घेतला. “गर्दीत मला काही कळत नाही. सगळं रेकॉर्ड केलंय. घरी निवांत ऐकतो, मग लिहितो!”

मला त्यांच्या फोनवरचा तो दीडपट वेग आठवला!

सोमवारी छापून आलं : ‘हा बँड निरोप घेत नव्हता, पळ काढत होता. गायक की शिट्टी, तेही कळेना. अपवाद एकच : बेसवाल्यांचं भाषण! आटोपशीर, खुसखुशीत, एकही शब्द फालतू नाही!’

तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! बावीस वर्षांनी का होईना, चांगला शब्द मिळाला. मी ते परीक्षण बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

“अहो, त्यांच्याकडून ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं मी,” ती म्हणाली. “तुमचं भाषण दीडपटीवरच ऐकलं.”

“मग?”

“तरी झोप लागली!”