पेशंटचं वय दोनशे ऐंशी

"उपाशीपोटी आणलंय ना?" इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"व्हायोलिन आहे हो ते!" मास्तर म्हणाले.

चाळीस वर्षं साधंच व्हायोलिन वाजवल्यावर मास्तरांना एक जुनं, अस्सल वाद्य विकत मिळायचा योग आला होता. पण सोबतचा पारखी हटून बसला होता. लाकूड आतून पोखरलंय का, हे स्कॅन केल्याशिवाय घ्यायचं नाही. मास्तरांचा मेव्हणा इस्पितळात स्कॅनच्याच यंत्रावर कामाला होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी ही वरात तिथे येऊन थडकली.

पहिल्याच घासाला खडा लागला. "भाऊजी, वय दीडशेच्या वर गेलं की यंत्र पुढे सरकतच नाही," मेव्हणा म्हणाला.

"मग यांचं घाल," मास्तरांची बायको चटकन म्हणाली. "नाव, वय, सगळं यांचंच."

व्हायोलिन उशीवर निजलं. "श्वास रोखून धरा," यंत्र गोड आवाजात म्हणालं. काचेआड चौघांनीही धरला.

पडद्यावर वाद्याचं पोट उलगडलं आणि मास्तर बघतच राहिले. फळीतल्या झाडाच्या वर्षांच्या रेघा, केसासारख्या बारीक. पटाशीच्या खुणा अशा, की कारागीर नुकताच पाणी प्यायला उठलाय. किडीचे दोन बोगदे, एक जुनी चीर आणि तिच्यावर आतून चिकटवलेलं नखाएवढं ठिगळ. त्यांचे डोळे भरून आले.

"खुशाल घ्या," पारखी हळूच म्हणाला. "कुणीतरी वेळेत उघडून पाहिलं, म्हणून वाचलंय."

"हेच ते!" मास्तर बायकोकडे वळले. "दुखणं लपवून भागत नाही. वेळेत बघितलं, तर लाकूडसुद्धा दोनशे वर्षं गातं!" बोलण्याच्या भरात त्यांनी डावा हात उंचावला आणि कळ आली तसा अर्ध्यातूनच खाली घेतला.

या खांद्यासाठी बायको वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. आणि डॉक्टर 'वाजवणं बंद' म्हणतील, या धास्तीने मास्तर वर्षभर टोलवत होते.

"मग काढा शर्ट," ती म्हणाली. "आजची वेळ तुमच्या खांद्यासाठीच घेतलीय. डॉक्टरांची चिठ्ठी पंधरा दिवस माझ्या पर्समध्ये आहे. व्हायोलिनने मध्येच नंबर लावला."

मास्तरांनी मेव्हण्याकडे पाहिलं. तो यंत्राच्या बटणांत एकदम गढून गेला होता.

मास्तर शर्ट काढून आडवे झाले. काचेआड बायको व्हायोलिन छातीशी धरून उभी होती. यंत्राने सांगायच्या आधीच तिने श्वास रोखून धरला होता.