दळवीकाका हळूच सांगतात

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये गुपित राखायचं असेल, तर ते दळवीकाकांना कळू देऊ नये. काका चहाडखोर नाहीत, उलट फार सभ्य. जवळ येतात, तोंडाशी हाताचा आडोसा करतात, "हळूच सांगतो हं" म्हणतात आणि तीन मजल्यांना ऐकू जातं. माझं लग्न ठरल्याचं माझ्या सख्ख्या आत्याला असंच जिन्यात कळलं.

मोहने गावातल्या कारखान्यात काका तीस वर्षं यंत्रांवर आवाज चढवून बोलले, तो निवृत्तीनंतरही खाली उतरला नाही. त्यात काकूंना अलीकडे कमी ऐकू येतं. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात साड्यांखाली ठेवलंय. त्यामुळे "पोट साफ झालं का?" हे रोज सकाळी अख्ख्या बिल्डिंगला विचारलं जातं. तळमजल्यावरचे सानेआजोबा प्रामाणिकपणे उत्तरही देतात.

गेल्या महिन्यात काकांनी कॉम्प्युटरला लावायचा माइक आणला. काका आता चॅनेल काढणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. मी माजिवड्याला कॉम्प्युटरचंच काम करते, म्हणून रविवारी मला बोलावणं आलं.

वर गेले तर पंखा बंद, खिडक्या बंद, काका घामाघूम आणि माइकला त्यांचा धुतलेला पायमोजा चढवलेला.

"दुकानदार म्हणालेला, फुंकर लागता कामा नये," काका म्हणाले. "अगं सोनल, दोन दिवस हॅलो हॅलो करतोय. हा ढिम्म."

"ऐकलंय आम्ही," मी म्हटलं.

माइक नीट जोडला होता, पण सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा आतला माइकच निवडलेला. काका ओरडत होते एकाकडे आणि कॉम्प्युटर ऐकत होता भलत्याच कानाने. मी नवा माइक निवडला, त्याचा आवाज थेट शेजारी ठेवलेल्या हेडफोनमध्ये जाईल असं केलं आणि विचारलं, "चॅनेलचं नाव काय ठेवताय?"

"कसलं चॅनेल?" काकांनी हाताचा आडोसा केला. "हळूच सांगतो हं. ही घोडबंदरला मुलीकडे निघालीय, कायमची. बॅगसुद्धा भरली. म्हणते, इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, नुसतं ओरडतात. माइकमध्ये हळू बोललेलं तिला हेडफोनात मोठं ऐकू येईल, म्हणून हा खटाटोप. नाहीतर 'जाऊ नकोस' हे काय बोंबलून सांगायचं? सगळी बिल्डिंग ऐकेल."

सगळी बिल्डिंग ऐकत होती. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

काकूंना बोलावून हेडफोन घातला. काकांनी सवयीने पहिला शब्दच असा टाकला, की काकूंनी हेडफोन काढून सोफ्यावर भिरकावला.

"कान फुटला माझा."

"काका, आता खरंच हळू," म्हणत मी तो पुन्हा काकूंच्या कानांवर चढवला आणि काढता पाय घेतला.

जिन्यात मात्र रेंगाळले. सानेआजोबाही वर आलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांचा आवाज येत नव्हता. आला तो काकूंचा, खणखणीत. कानांवर हेडफोन, आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कुठे कळणार?

"माहितीये, भाजी खारट झालेली. मीपण खाल्ली."

मग काका बोलत असावेत. "काय म्हणाला?" आजोबांनी खुणेनेच विचारलं. मला तरी कुठे ठाऊक होतं.

"मग हे आधी का नाही बोललात?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी नाक ओढलेलंसुद्धा आम्हाला ऐकू आलं.

"बरं, नाही जात. पण आधी तो मोजा काढा तिथून."