एकोणीस पिनांच्या ठाण्याची हकीकत

श्री कुलदैवत समर्थ. त्या मुलखीचे प्रजासत्ताक शके एकशे तेरा, म्हणजे इसवी सन दोन हजार चोवीस, मास सहावा, रविवार, दोन प्रहर. मुक्काम ताओयुआन, मजला चौथा, लिफ्ट नाही. राजश्री लिआओ त्सुंग-जेन, माजी इतिहास-शिक्षक, यांनी संगणकाच्या पेटीवर स्वारी केली, ते समयी जे वर्तले ते येथे जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही; जेथे घातल्यावाचून गत्यंतर नव्हते, तेथे थोडकेच घातले.

कारण ऐसे जे, जुन्या पेटीचे बटण निकामी जाहले, सबब मास्तरांनी नवी पेटी आणवली आणि आतील तमाम सरंजाम जुनीतून नवीत जातीने हलवला आणि संगणक सुरूही जाहला, मग गर्व चढला. नव्या पेटीच्या तोंडावर यूएसबीची दोन भोके होती आणि त्यांच्या दोन केबली आत लोंबत होत्या, तेवढ्या मदरबोर्डावरील पिनांच्या दोन ठाण्यांस, एक नऊ पिनांचे व एक एकोणीस पिनांचे, जोडणे राहिले. मास्तरांचे कुटुंब यू पाओ-युए बाईसाहेब यांनी सत्तावीस वर्षे याच शहरी कारखान्यात मदरबोर्ड जोडले होते. त्यांनी कुमक देऊ केली. तेव्हा मास्तर बोलून गेले, "त्यात काय आहे गं? पिना भोकात घालायच्या." सत्तावीस वर्षे ते ऐसेच बोलत आले होते.

बाईसाहेब रताळ्याचा पाला निवडीत होत्या. मान वर न करता त्यांनी तह मांडला: "मग घाला. संध्याकाळी युंग-शेंग जेवायला येतोय. तोवर दोन्ही भोकं चालली, तर जन्मात कारखान्याचं नाव काढणार नाही. नाही चालली, तर जेवताना लेकासमोर म्हणायचं, आईचं काम हे काम होतं."

मास्तरांनी तह कबूल केला आणि वीज तोडली आणि चष्मा चढवला आणि विजेरी दातांत धरली. त्या मुलखाचा शिरस्ता ऐसा की, यंत्राने आज्ञेत राहावे म्हणोन त्यावर कुरकुरीत खाऊची हिरवी पिशवी ठेवावी. ती हिरवीच असावी, मुदतीतली असावी, आणि तिचे तोंड फोडू नये. तोही बंदोबस्त केला. मग प्रथम नऊ पिनांच्या ठाण्यावर चालून गेले. दोन वेळा केबल उलटी लावून शिकस्त खाल्ली, तिसऱ्या हल्ल्यास ती बसली. मास्तर विजयाने खाकरले, आणि श्रमाने भूक लागली, आणि हाताशी दुसरे काही नव्हते म्हणोन पिशवी फोडून दोन मुठी खाऊ फस्त केला.

मग एकोणीस पिनांचे ठाणे. केबलीचे जाड निळे तोंड वाकडे बसले, ते काही केल्या आत जाईना, तेव्हा मास्तरांनी अंगठ्याचा सारा जोर लावला आणि आतून कर्र ऐसा आवाज जाहला. बाईसाहेब तो आवाज ओळखत होत्या. हात पुशीत बाहेर आल्या. एक पिन आडवी निजली होती. मग बाईसाहेबांची नजर हिरव्या पिशवीवर गेली.

"पिशवी फोडलीत?"

"भूक लागली होती."

"एवढे शिकलेले तुम्ही, आणि मशीनवरची पिशवी खाता. मग काय होणार दुसरं? तुमची ती खटक्याची पेन्सिल आणा."

पेन्सिलीतले शिसे काढून त्यांनी पोकळ टोक पिनेवर चढवले आणि पिन किंचित उचलली आणि थांबल्या, मग आणखी किंचित. पिन मोडती तर ठाणे कायमचे गेले असते. ती ताठ उभी राहिली. बाईसाहेबांनी केबल मात्र मास्तरांच्याच हाती दिली. "घ्या. पैज तुमची आहे."

मुलगा येण्यास तासाचा अवकाश होता आणि पाहणारे कोणी नव्हते, आणि मास्तरांस फत्ते आपल्या नावे लावता आली असती. परंतु ते म्हणाले, "तू शिकव." चाळीस वर्षे इतरांस शिकवलेल्या मुखातून हा शब्द निघण्यास बराच वेळ लागला.

"डोळे मिटा. आधी नुसतं टेकवा, अंगठ्याला कळतं. अडलं तर रेटायचं नाही, काढायचं."

"असे दिवसाला किती बोर्ड?"

"सातशे. सण जवळ आला की नऊशे."

मास्तरांनी डोळे मिटले आणि केबल नुसती टेकवली. निळे तोंड अलगद आत बसले, आणि वीज देताच पेनड्राइव्हचा दिवा या भोकात लागला आणि त्या भोकातही लागला.

रात्रीच्या पंगतीस युंग-शेंग आला. तहाच्या अक्षराप्रमाणे मास्तर जिंकले होते, आणि बाईसाहेबांनीच ते जाहीर केले. "चालली बरं का दोन्ही. बाबा जिंकले तुझे." आणि मासा वाढू लागल्या.

मास्तरांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "तुझ्या आईचं काम हे काम होतं."

"मला माहीत आहे, बाबा."

"मला नव्हतं."

बाईसाहेबांच्या हातून माशाच्या गालाचा मऊ, मानाचा तुकडा मास्तरांच्या वाडग्यात पडला.

फत्तेची नोंद लिहिते समयी मास्तरांचा हुकूम आला तो ऐसा की, सत्तावीस वर्षे हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक बोर्डावर बाईसाहेबांचा एक्केचाळीस क्रमांकाचा शिक्का उमटत असे, नाव कोठेच उमटले नाही, सबब येथे क्रमांक घालू नये, नाव घालावे. त्याप्रमाणे लिहिले. एकोणीस पिनांचे ठाणे यू पाओ-युए यांनी फत्ते केले. नाव पूर्ण लिहिले असे.