राऊतकाका लॅपटॉप बघतात

होळी गावचे राऊतकाका लॅपटॉपला टिचकी मारतात. झाकणावर, कान लावून, फणस पिकला का बघावा तशी. मग दुकानदाराला सांगतात, "कच्चा आहे. दुसरा दाखव."

मी याचा जाहीर निषेध करतो. टँकरवाल्यांनी गास गावापासून वटारपर्यंतच्या विहिरी कशा उपसल्या, त्याची पत्रकं मी वाटतो. काकांनी तीस वर्षं गावोगावच्या लग्नांत फोटो काढले. त्या फोटोंतल्या काठोकाठ भरलेल्या विहिरी आम्हाला टँकरविरुद्धच्या खटल्याच्या सुनावणीत पुरावा म्हणून हव्या होत्या. काकांची अट एकच : "आधी माझा लॅपटॉप, मग तुझ्या विहिरी." म्हणून एक जागरूक नागरिक सहा महिने त्यांच्यामागे दुकानं हिंडत होता.

परीक्षा ठरलेली. पिशवीतून सीडी निघायची. तिच्यात काकूंचा हळदीच्या मांडवातला फोटो नि कॅसेटवरून उतरवलेलं काकूंचं गाणं. काकू धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी. त्यांच्या आवाजाशिवाय आमच्याकडे नवऱ्यामुलाला हळद लागत नसे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला नि वाचा गेली. आता काकांना तो आवाज हवा होता, होता तस्साच.

फोटो उघडला की काका म्हणत, "ही हळद नाही, कावीळ आहे." गाणं लागलं की, "हिला सर्दी कधी झाली?"

"काका, हार्ड डिस्क बघा केवढी मोठी आहे!"

"आमचं कपाटही मोठं आहे. ते गातं का?"

नवव्या दुकानात मी भडकलो. "काका, लॅपटॉप घेताय की सून बघताय?"

"सून एका चहात पसंत केली होती. तीच चूक झाली."

"सोमवारी सुनावणी आहे! गावाचं पाणी चाललंय नि तुम्ही सर्दी शोधताय. यंत्रं सगळी चांगली आहेत. तुम्हालाच ऐकू येत नाही!"

पत्रकात लिहावं तसं, ठळक अक्षरांत बोललो मी. दुकानातली गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली.

काकांनी सीडी पुसून पिशवीत ठेवली. "उजव्या कानाने येतच नाही," ते म्हणाले. "डाव्याने अर्धंमुर्धं. तिचा आवाज कसा होता, हे आता मला कुठे नीट आठवतं? कोणाला विचारू?"

दुसऱ्या दिवशी ते रिक्षातून काकूंना घेऊन आले. दुकानदाराने तीन लॅपटॉप मांडले. पहिल्यावर गाणं लागलं तरी काकू पदराचा दोरा ओढत बसल्या. दुसऱ्यावर पंख्याकडे बघत होत्या. तिसऱ्यावर त्यांनी मान उचलली. ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली, शब्द एकही नाही. पण चाल बरोबर होती.

दुकानदार खोकं घेऊन आला. "बांधू ना, काका?"

सीडी केव्हाच थांबली होती. काका खाली वाकून, डावा कान काकूंच्या तोंडाशी धरून उभे होते.

"थांब रे जरा," ते म्हणाले. "ओळ पुरी होऊ दे तिची."