परसरामजींनी गाडी स्वस्त केली

"विजेच्या गाडीचं पुढलं स्वस्त मॉडेल कसं असावं, हे कंपनी मले विचारून ठरवून राहिली," असं परसराम गजभिये यांनी आंधळगावच्या चौकात, गोलूच्या सलूनसमोर उभं राहून जाहीर केलं. ऐकायला तिघे जण होते आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला साबण होता. तरी बातमी अर्ध्या तासात गावभर झाली.

बातमी खोटी नव्हती. फक्त कंपनीनं हे जिल्ह्यातल्या चाळीस कुटुंबांना विचारलं होतं, आणि गजभिये कुटुंबात ज्यांना विचारलं होतं त्या परसरामजींच्या पत्नी सत्यभामाबाई होत्या. कारण चारचाकीचं लायसन त्यांच्याकडे होतं. परसरामजींकडे होतं ते मोटरसायकलचं.

परसरामजींनी जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. वस्तू खोलायची, तुकडे ओळीनं मांडायचे, एकेकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. शेरे मात्र नोकरीत कायम राहिले. कलिंगड, दिवाळीचा रंग, पोरीला आलेली स्थळं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. सत्यभामाबाईंची भाजी ते नापास करत नसत, एवढी समज त्यांना होती. पण बिनशेऱ्याची भाजी या घरात आजवर पास झालेली नव्हती.

गाडीचंही तेच. तीन वर्षं झाली, गाडी घ्यायचं ठरलं होतं. दरवेळी परसरामजी म्हणत, "थांब. पुढलं मॉडेल स्वस्त येऊन राहिलं." ते मॉडेल आलं की त्याच्या पुढचं आणखी स्वस्त येणार असायचं. सत्यभामाबाई अंगणवाडी सेविका. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी बसायला शिकवलं होतं, पण नवऱ्याच्या 'थांब'पुढे त्यांचं काही चालेना. मग त्यांनी कोणाला न विचारता भंडाऱ्याला जाऊन गाडी शिकून घेतली आणि चौपन्नाव्या वर्षी पहिल्या फटक्यात लायसन आणलं. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं होतं. चालवायला गाडी नव्हती एवढंच.

त्यांना ती हवी होती करडीला जायला. करडीला धाकटी बहीण रत्नमाला. तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे मास्तर कवडूभाऊंकडे, वीस वर्षांपासून गाडी. घरी काही कार्यक्रम असला की सत्यभामाबाई एसटीनं जायच्या आणि कवडूभाऊ स्टँडवर गाडी घेऊन हजर. दार उघडून, चार लोकांसमोर म्हणायचे, "बसा ताई, पाय सांभाळून." माणूस मनाचा भला. पण त्या 'पाय सांभाळून'नं सत्यभामाबाईंच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आता रविवारी रत्नमालेच्या नातवाचं नामकरण होतं आणि सत्यभामाबाईंनी फोन करून टाकला होता, "भाऊजीले सांग, गाडी पाठवू नका. मी स्वतः चालवत येऊन राहिली."

शुक्रवारी कंपनीची मेघा गाडी घेऊन आली. पुण्याची पोरगी, इंजिनिअर, बोलायला गोड.

"काकू, ही आमची आत्ताची गाडी. सोमवारी सकाळी परत न्यायला येते. रोजच्यासारखी वापरा आणि या फॉर्मवर लिहा, यातलं काय नसलं तरी तुमचं अडणार नाही. तेवढं काढून टाकून पुढची गाडी स्वस्त करायची आहे."

सत्यभामाबाईंनी सही केली, किल्ली घेतली. परसरामजींनी फॉर्म घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"कागदावर रेघा मारून का समजते?" मेघा गेल्यावर ते म्हणाले. "एखाद्या वस्तूची गरज हाये का नाही, हे ते वस्तू काढूनच पाहा लागते."

हे वाक्य सत्यभामाबाईंनी ऐकायला हवं होतं. पण त्या तेव्हा आरशात बघून सीट पुढे सरकवत होत्या.

शनिवारी त्यांचं मोहाडीला प्रशिक्षण होतं, न्यायला सरकारी जीप येणार होती. निघताना किल्ली खुंटीला अडकवत त्या म्हणाल्या, "पुसाची तं पुसजा. दुसरं काई करजा नका."

परसरामजींनी गाडी पुसली. चांगली अर्धा तास पुसली. पुसता पुसता डिकीतली आडवी फळी हातात आली, तिची गरज काय ते कळेना. मग ती काढली. पायाखालच्या चटया काढल्या. डोकं टेकायच्या उश्या काढल्या. तोवर घरातून पान्यांची पेटी बाहेर आलेली होती, आणि पेटी उघडली की परसरामजींचं वय तीस वर्षांनी कमी व्हायचं. मागची सीट हुकावर होती, ती दोन हिसक्यांत निघाली. तिची गरज नव्हतीच. घरात माणसं दोन, पोरगी प्रतिक्षा नागपूरला. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूची सीट. चार बोल्ट, एक पिवळं कनेक्टर. ती काढताना ते क्षणभर थांबले, कारण तिच्यावर ते स्वतः बसणार होते. पण तपासणीत स्वतःचं-परक्याचं बघायचं नसतं. तीही काढली.

अंगणात ताडपत्री अंथरून सगळा माल ओळीनं मांडला. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आणि प्रत्येक चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: 'गरज नाही'. मग समाधानानं जेवले आणि अंमळ पडले.

आता गावात कोणी आपल्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, चांगल्या वस्तू ओळीनं मांडून त्यावर 'गरज नाही' असं लिहून ठेवत असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्यानं काय समजावं? शिवाय कंपनी या माणसाला विचारून गाडी बनवते आहे, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

परसरामजी चार वाजता उठले ते सत्यभामाबाईंच्या आवाजानं. आवाज मोठा नव्हता. तेच वाईट होतं.

"गाडीतल्या सीटा कुठी हायेत?"

"ताडपत्रीवर," परसरामजी म्हणाले आणि बाहेर आले. ताडपत्रीवर एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीखाली काही नव्हतं.

सत्यभामाबाईंनी एकदा गाडीत डोकावून पाहिलं. आत ड्रायव्हरची सीट तेवढी उरली होती. मग त्या पायरीवर बसल्या. "तीन साल म्या 'थांब' आयकलं," त्या म्हणाल्या. "उद्या दहा वाजता मी करडीले निघणार हावो. आता का कराचं ते तुमी करा."

परसरामजींनी चपला घातल्या. बायको रागावते तेव्हा त्यांना भीती वाटत नसे. ती पायरीवर बसली की वाटायची.

मागची सीट सापडायला वेळ लागला नाही. भैय्याजींच्या कोसा रेशमाच्या दुकानात ती भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर तुमसरची एक लग्नघरची मंडळी बसून पातळं बघत होती.

"गजभियेजी, लई उपकार झाले तुमचे," भैय्याजी म्हणाले. "गिऱ्हाईक उठूनच नाही राहिलं. दोन घंटे झाले, तिसरा चहा हाये."

"भैय्याजी, थे सीट मले पायजे."

भैय्याजींनी डोळ्यांनी मंडळीकडे खूण केली आणि हळूच म्हणाले, "आता उठवलं तं नवरीचं पातळ जाईन. या लोकायचं झालं का म्या सोता आणून देतो." मंडळींनी तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आत्यांची पातळं काढायला सांगितली. आत्या पाच होत्या.

डिकीची फळी शेजारच्या शकुनबाईंच्या गच्चीवर. तिच्यावर कोहळ्याच्या वड्या घातलेल्या, ओल्या, सरळ रांगेत.

"घेऊन जा ना भाऊ," शकुनबाई म्हणाल्या. "दोन उन्हं लागू द्या फक्त. आता उचलल्या तं वर्साच्या वड्या मातीत जातीन." फळी एवढी सपाट असते, हे कंपनीला माहीत तरी आहे का, असंही त्यांनी विचारलं.

राहिली बाजूची सीट. ती गोलूकडे असणार, हे परसरामजींनी चौकातूनच ओळखलं, कारण सलूनबाहेर रांग होती. गोलू चाळिशीचा, उत्साही कारागीर. सीट पूर्ण मागे झोपायची आणि गिऱ्हाईकही तिच्यावर झोपायचं. एकाची दाढी होऊन दहा मिनिटं झाली होती, तो घोरत होता.

"काका, काय चीज दिली जी तुमी," गोलू म्हणाला. "हालत होती थोडीशी. म्हून खाली सिमेंट टाकून टाकलं."

परसरामजींनी वाकून पाहिलं. सिमेंट होतं. चांगलं गुळगुळीत केलं होतं, कडेला गोलूनं बोटानं तारीखही लिहिली होती. आयुष्यात प्रथमच त्यांना एखाद्या कामात खोड सापडली नाही.

रविवारी दहाच्या ठोक्याला सत्यभामाबाई निळी पैठणी नेसून गाडीत बसल्या. परसरामजी बाजूला, जिथे सीट असायची तिथे, जेवायचा पाट ठेवून मांडी घालून बसले. त्यांची नजर बरोबर डॅशबोर्डच्या कप्प्याशी येत होती. रस्ता दिसत नव्हता. पण त्यांनी सूचना द्यायचं सोडलं नाही.

"हळू. म्हैस हाये का समोर?"

"नाही."

"मंग काहून हळू केली?"

"तुमी म्हणलं म्हून."

दरवेळी ब्रेक लागला की पाट पुढे घसरायचा आणि परसरामजींचं कपाळ कप्प्यावर आदळायचं. वेग वाढला की पाट मागे जायचा आणि ते थेट डिकीत पोचायचे. तिथूनही ते सांगत होते, "दाबून चालव नको. बॅटरी खाते." मोहाडी मागे पडली. नदीच्या पुलाच्या अलीकडे ते तिसऱ्यांदा डिकीतून रांगत पुढे आले आणि म्हणाले, "पुलावर मी सांगतो तशी घे."

सत्यभामाबाईंनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, थांबवली.

"उतरा."

"कायले?"

"मले गाडी चालवाची हाये."

त्या रागावलेल्या नव्हत्या, म्हणून परसरामजी उतरले. पाट त्यांच्या हातात देऊन गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. पाठोपाठ खरेदी केंद्राकडे धानाची पोती घेऊन जाणारा ट्रॅक्टर आला, त्यावर त्यांनी जागा मागितली आणि ते पोत्यांवर चढून बसले.

उंचावरून पूर्ण पूल दिसत होता. गाडी डाव्या बाजूनं, एका चालीत, सरळ चालली होती. समोरून एसटी आली तर जागा दिली, सायकलवाल्याला ओलांडताना हातभर अंतर राखून गेली. परसरामजी काहीतरी सापडतं का बघत राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला असं लांबून, तिच्या कामात, कधी पाहिलंच नव्हतं. ती छान चालवत होती, आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. त्यांना अभिमानही वाटला आणि फार एकटंही वाटलं.

करडीत कवडूभाऊंच्या घरासमोर गर्दी होती. 'जयभीम' झाला, गाडीचं दार सत्यभामाबाईंनी स्वतः उघडलं आणि पाय सांभाळावे न लागता त्या उतरल्या. कवडूभाऊंनी आत डोकावलं.

"ताई, एकच सीट?"

"हाव," सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढलं मॉडेल हाये. स्वस्त."

बायकांचा घोळका गाडीभोवती जमला. एकीनं बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "बाजूले कोणीच नाही बसत? ब्रेक मार, हळू घे, काई नाही?" दुसरी म्हणाली, "बाई, अशीच पायजे." रत्नमालेनं तर दर विचारला. परसरामजी ट्रॅक्टरवरून पाट घेऊन उतरले तेव्हा त्यांच्या जागेवर रत्नमालेनं दिलेली दोन पोती तांदूळ आणि चार भोपळे बसले होते. घरी ते एसटीनं आले.

सोमवारी सकाळी मेघा आली. मागची सीट, उश्या आणि चटया परत आल्या होत्या, फळीवर अजून वड्या होत्या, आणि गोलूच्या सलूनमधून छिन्नीचे घाव ऐकू येत होते. मेघानं गाडीत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. परसरामजी शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले आणि त्यांनी काय काढलं, कसं काढलं, कुठे गेलं, करडीला काय झालं, सगळं सांगितलं. भरलेला फॉर्मही दिला; काढलेल्या प्रत्येक वस्तूपुढे 'गरज नाही' लिहिलेलं होतं. मेघानं तो वाचला. मग पुन्हा वाचला आणि ओट्यावर बसून हसायला लागली.

"काका, बाकीच्या एकोणचाळीस कुटुंबांनी एकच लिहिलंय: 'सगळं ठेवा, किंमत कमी करा.' काहीतरी काढून दाखवणारे तुम्ही एकटेच. सीटचं मी साहेबांना समजावते." ती सत्यभामाबाईंकडे वळली. "दोन वर्षांत आमचं पुढचं मॉडेल येईल काकू. याहून पुष्कळ स्वस्त. तुम्हाला सगळ्यात आधी कळवू?"

परसरामजींचं तोंड सवयीनं उघडलं. सत्यभामाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते मिटलं.

"ते येईन तवा येऊ द्या, पोरी. मले हेच पायजे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माह्या नावानं लिव."

मेघानं मोबाइल काढला. "आणि काकू, बाजूची सीट? करडीला म्हणे तुमची एक सीटवाली सगळ्यांना आवडली."

सत्यभामाबाईंनी थोडा विचार केला. हा शेरा परसरामजींवर होता.

"पाचही सीटा असू दे," त्या म्हणाल्या. "प्रतिक्षाच्या बाबाले मागची लागन."