सकुबाईची परदेशातली सावड

"जगात परका असा कुणीच नाही!" सावळारामाने मारुतीच्या पारावर उभे राहून जाहीर केले, आणि गावातली सगळी कुत्री एकदम त्याच्यावर भुंकू लागली.

ही एकोणीसशे अडतीस सालची, भाताची झोडणी उरकल्यानंतरची गोष्ट. मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या त्या गावात सावळारामाची मावशी सकुबाई राहत असे. तो स्वतः शहापुरात एका किराणा दुकानात तागडी धरी आणि पुड्या बांधायच्या रद्दीतून जगाचे राजकारण वाची. त्यामुळे त्याच्या बातम्या शिळ्या असत आणि पुष्कळदा मधोमध फाटलेल्या. कळवळा मात्र ताजा आणि अखंड असे. शहापुरातल्या काही उत्साही मंडळींनी स्पेनसाठी धान्य जमवायचे ठरवले, तेव्हा मुरबाडकडची गावे त्याने आपणहून मागून घेतली.

कुत्री हाकलून झाल्यावर त्याने हकिगत सांगितली. स्पेनमध्ये गोरगरिबांनी मते देऊन आपले सरकार आणले, त्याने जमिनी गरिबांत वाटायला घेतल्या, ते जमीनदारांना आणि सेनापतींना खपले नाही, आता लढाई जुंपली आहे आणि पोरेबाळे उपाशी आहेत.

"कंच्या तालुक्यात आला ह्यो गाव?" बारकूने विचारले.

"गाव नाही, देश आहे. बोटीनं जावं लागतं."

"आपली सोयरीक हाय तिकडं?"

"नाही."

"मग वळख कुटली?"

'आंतरराष्ट्रीय बंधुभाव' हे शब्द सावळारामाने शहापुराहून पाठ करून आणले होते. ते त्याने दोनदा म्हणून पाहिले. बारकूने तंबाखू मळायला घेतली. तेव्हा काकुळतीला येऊन सावळाराम म्हणाला, "अरे, सावड आहे असं समजा! आज आपण त्यांच्या मदतीला, उद्या ते आपल्या!"

गाव सावरून बसले. लावणीच्या दिवसांत आज साऱ्यांनी तुझ्या खाचरात वाकायचे, उद्या साऱ्यांनी माझ्या, ही सावड. मजुरी नाही, कागद नाही. पण दुसऱ्याचे हात वापरून जो आपल्या वेळेला फिरकला नाही, त्याच्या मयताला खांदा मिळायची पंचाईत. स्पेनवाले सावड पाळणारे आहेत म्हटल्यावर घराघरातून नाचणी आली, वरई आली, तांदूळ आला. सकुबाईने तर तांदळाचे अख्खे पोते उंबऱ्याबाहेर ओढून आणले.

"मावशी, एवढं कशाला?"

"पयला दिस माजा धराया सांग त्यांना."

सकुबाई एकटी विधवा. सावडीत जेवढे हात घालावेत तेवढी आपली वेळ आधी, आणि तिचे हात दोनच. दरसाल तिचे खाचर सर्वांत शेवटी लागे. तोवर रोप जून होई आणि पीक निम्म्यावर येई. येत्या पावसाळ्यात रोप कोवळे असताना लावणी व्हावी, एवढीच तिची इच्छा होती. सावळारामाला मात्र तो त्याग वाटला. शहापुरात जाऊन त्याने त्यावर भाषणही केले. धान्य आसनगावाहून आगगाडीने मुंबईला रवाना झाले.

उन्हाळ्यात एकदा गुळाची पुडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. स्पेनचे सरकार पडले होते. बातमी महिन्याभरापूर्वीची होती. गिऱ्हाइकाला गूळ हातात देऊन तो कागद त्याने खिशात घातला आणि मावशीला सांगायचेच, असे ठरवून गाव गाठले.

सकुबाई गोठा सारवत होती.

"आलास? बरं झालं. गुरं पडवीत बांधीन म्हनते, म्हंजे स्पेनवाल्यांना हितं निजाया व्हईल. भात खातात नव्हं?"

"खात असतील."

"बाया पन येतील का रे? बायांचा हात बरा चालतो."

"मावशी, ते..."

"का रे? निघालं न्हाईत अजून?"

"वाटेत असतील," सावळाराम म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून कसे गेले, याचा विचार तो शहापूरपर्यंत करीत होता.

पेरणी झाल्यावर सावडीची पाळी ठरवणारा महिपत तिच्या दारात आला.

"सकुबाय, तुजं नाव कुटं धरू?"

"नको धरू. माजी सावड परदेशात हाय."

"बघ हां! मागनं रडशील."

"तूच येशील बघाया."

आषाढात गावची लावणी एका टोकाकडून सुरू झाली. सकुबाई रस्त्याकडे तोंड करून बांधावर बसू लागली. रोप वीतभर झाले, हातभर झाले, पिवळे पडू लागले. जंगलखात्याचा एक खाकी कपड्यातला शिपाई दिसला, त्याला तर तिने "वाईच उशीर केलास, पन ये," म्हणत हाताला धरून थेट खाचरात आणले. त्याने नोकरीची शपथ घेतली, तेव्हा सुटला.

सावळाराम आला तो चिखल तुडवीतच. या खेपेला त्याने श्वास न घेता सांगितले, "मावशी, ते येणार नाहीत. ते हरले. सरकार गेलं."



"कवा?"

"शिमग्याच्या मागोमाग."

"आनि जमिनी?"

"ज्यांच्या होत्या त्यांनी परत घेतल्या."

"मानसं?"

"पुष्कळ मेली. काही देश सोडून गेली."

सावळाराम शिव्यांची वाट पाहत मान खाली घालून उभा राहिला. सकुबाईने पदर तोंडाला लावला. "आरं द्येवा! म्हैनाभर सकाळसांज मी त्यांचं वाटोळं वाटोळं करते रे. आदी सांगाया काय झालं तुला? सुतक हाय त्यांच्या दारात, आनि मी हितं शिव्या मोजते."

बातमी खाचराखाचरांतून महिपतपर्यंत पोचली.  सुतकातल्या घराला सावडीला बोलवायचे नसते. त्याच्या वाट्याचे हात बाकीच्यांनी भरायचे, ही रीत. ती माणसापुरती की देशापुरती, हे कधी कुणी ठरवले नव्हते.

"चला गो," तो बायांना म्हणाला. "स्पेनवाल्यांचं हात आपन भरू."

अख्खे गाव सकुबाईच्या खाचरात उतरले. गाणे कुणी म्हटले नाही. रोप इतके जून झाले होते की निम्मे उपटतानाच तुटले. वरचे खाचर तसेच मोकळे राहिले. सकुबाईने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा वाकली.

सावळारामाचा मात्र ऊर भरून आला. "मावशी," तो गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणाला, "आज या खाचरात मी अखिल मानवजातीची एकजूट पाहिली! तुझं मन मी दुखावलं. आता सांग, तुझ्यासाठी काय करू? काय वाट्टेल ते माग!"

सकुबाईने कंबर सरळ केली, हातातली जुडी झटकली.

"पुडल्या बारीला," ती म्हणाली, "जरा जवळचा देश बघ रे."